कुंपणाचा हॉप

२६ फेब्रुवारी

बिअर करणाऱ्यानं रोज लिहून ठेवावं, असं भट्टीवाला लिसांद्रो म्हणाला. काय लिहावं ते बोलला नाही. म्हणून जे होईल ते लिहितोय. माझी शाळा पाचवीला सुटली, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. पण वाचणार कोण? मीच.

आज हॉपची तोडणी सुरू झाली. मांडवावर चढलेल्या वेली बुडाशी कापायच्या, ओढून पाडायच्या आणि शेडमधल्या यंत्राला उलट्या टांगायच्या. यंत्र फुलं ओरबाडून घेतं आणि सांगाडा मागून फेकतं. फुलं कसली, हिरव्या पापुद्र्यांची बोंडं. आत पिवळी चिकट पूड. पहिलं बोंड तळहातावर चोळून नाकाला लावलं आणि डोकंच हललं. संत्र्याची साल, नुकतंच फाडलेलं ओलं लाकूड, आणि सगळ्यांच्या मागून सेद्रोन. आमच्या दारात सेद्रोनचं झुडूप आहे, आई त्याची पानं उकळत्या पाण्यात टाकते, चुरगळली की लिंबासारखा वास. आमचं सांतियागो देल एस्तेरो इथून, एल बोल्सोनहून, दोन दिवसांच्या बसवर, आणि आमचं दार इथं माझ्या मुठीत.

आईला फोनवर सांगितलं, बिअरमध्ये घालतात ती फुलं तोडतोय. "म्हणजे दारूच की," ती म्हणाली. "चेरी तोडायला गेलास, मग रासबेरी, आता दारू. पायाला भिंगरी लावूनच जन्मलास. घरी कधी येतोस?" म्हटलं, बघू.

जेवताना मालकीणबाई, डोन्या ऑर्फिलिया, रस्सा वाढता वाढता म्हणाल्या, "पोरांनो, ही शेवटची तोडणी. मे महिन्यात वेली उपटायच्या." कंपनीचा ट्रक पुढच्या वर्षी येणार नाही. ज्या हॉपला नाव आणि कागद आहे तेवढाच घेणार. डोन्याच्या हॉपला नाव नाही. त्यांच्या नवऱ्यानं, डॉन अन्सेल्मोनं, नदीकडच्या एका पडक्या कुंपणावर रानटी वाढलेली वेल पाहिली, तिचे कोंब आणून लावले, आणि बघता बघता सगळं शेत त्याचंच झालं. सगळे त्याला कुंपणाचा म्हणतात. अन्सेल्मो गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. "रासबेरी लावणार," डोन्या म्हणाल्या. "रासबेरीला कोणी नाव विचारत नाही."

मला काय त्याचं? ईस्टर झाला की मी कोमोदोरोला जाणार. चुलतभाऊ नाबोर तिथं तेलविहिरींवर आहे, माझ्यासाठी जागा बघतोय.

पण संध्याकाळी लिसांद्रो आला. गावात त्याची बिअरची भट्टी आहे, तिथला जवाचा चोथा तो डोन्याच्या डुकरांना आणून टाकतो. डोन्यांनी त्याला सहज विचारलं, तू घेशील का माझा हॉप? तो डोकं खाजवत म्हणाला, "डोन्या, एकट्या त्या हॉपची बिअर कुणी प्यायलंय का? मला कळणार कसं?"

आणि मी बोलून बसलो, "मी करून दाखवतो."

मी! मी आयुष्यात सरबतसुद्धा धड केलेलं नाही.

लिसांद्रो हसला, पण मग बादलीवर बसून समजावलं. पेल एल करायची. फिक्या रंगाची, साधी. एकच माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं जव. यीस्ट स्वतःचा वास न सोडणारं. आणि हॉप फक्त हा. "एकट्याला गायला उभं करायचं, मागे गिटार नाही, ढोल नाही. बेसूर असला तर तिथंच कळेल." ईस्टरच्या शनिवारी तो चाखायला येणार. गाणं जमलं तर दरवर्षी शेताचा सगळा माल तो उचलणार. नाही जमलं तर रासबेरी.

डोन्या डुकरांकडे बघत राहिल्या.

१ मार्च

मला वाळवणीच्या कोठीत टाकलंय. कोठी रुफिनोच्या ताब्यात. तो डोंगरापलीकडचा, चिलीचा, इथं इतकी वर्षं राहून अजून त्याला सगळे चिलीकर म्हणतात, आणि तो मला सांतियागोकर. आमच्याकडचे लोक दुपारी झोपतात म्हणून सगळ्या देशात आमची बदनामी आहे. रोज सकाळी त्याचा तोच विनोद: "उठलास का सांतियागोकर, की स्वप्नातच चालत आलास?"

कोठीत जाळीच्या फरशीवर फुलांचा गुडघाभर थर, खालून गरम हवा. लाकडी दाताळ्यानं उलटत राहायचं. रुफिनो फुलं वाळली की नाही ते बोंडाचं देठ मोडून, कानाशी धरून ठरवतो. काडकन वाजलं की झालं.

"वासानं नाही कळत?" मी विचारलं.

"वास? वाळवणाऱ्याचं नाक कधीच गहाण पडलेलं असतं, पोरा. डॉन अन्सेल्मो गठ्ठे हुंगायला गावातल्या बेकरीवाल्याच्या बायकोला बोलवायचे. मला आणि स्वतःलाही तिथं थांबू द्यायचे नाहीत. आम्ही दोघं तेवढा वेळ सरपण फोडायचो."

अन्सेल्मोचा बाईमाणसाच्या नाकावर विश्वास जास्त असावा. किंवा बेकरीवालीवर.

माझी खोली कोठीला लागूनच आहे. भिंत एकच. रात्री उबदार असते.

९ मार्च

आज रविवार, यंत्र बंद. आज बिअर केली.

डोन्यांनी मुरंब्याचं मोठं पातेलं दिलं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणून ठेवलं, तिथून पुढं मी उचललं. अन्सेल्मो गेल्यापासून त्या कोठीच्या बाजूला येतच नाहीत, असं रुफिनो म्हणतो. अंगणात चूल मांडली. दळलेलं जव गरम पाण्यात भिजवलं, गाळलं, गोड काढा निघाला. तो उकळत ठेवून त्यात मूठमूठ हॉप: सुरुवातीला कडूपणासाठी, शेवटी वासासाठी. मग पातेलं पाटाच्या पाण्यात बुडवून गार केलं. पाट थेट पिल्त्रिकित्रोन डोंगराच्या बर्फातून येतो, माझेच पाय आधी गार झाले.

तेवढ्यात मैतेना आली, सायकलच्या मागं रिकाम्या बाटल्यांचं पोतं. मैतेना लिसांद्रोच्या भट्टीवर ग्लास भरते आणि बाजाराच्या दिवशी आईचे मुरंबे विकते. बाटल्या तिनंच गोळा केल्या, धुतल्याही. मी सांगितलं नव्हतं.

"थँक यू तरी म्हण, लुकड्या."

"थँक यू."

"आणि ऐक, तू यायच्या आधी तुझा वास येतो. मघाशी वळणावर होते तेव्हाच कळलं, डेल्फोर अंगणात आहे."

रुफिनो खो खो हसला. मी पातेल्यात तोंड घातलं. कान तापले होते. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला वास येणारच. पण चारचौघांत बोलायचं?

पिंपात यीस्ट टाकलं, झाकण लावलं, खोलीत खाटेशेजारी ठेवलं.

११ मार्च

पिंपाच्या नळीतून बुडबुडे येतायत. गुडुप, गुडुप. झोप येत नाही. कूस बदलली की गुडुप. मी बोललो नसतो तर आत्ता निवांत घोरत असतो. नाबोरचा मेसेज आला, जागा आहे, लवकर ये, नाहीतर दुसरा घेतील. ईस्टरनंतर, असं कळवलं. का कळवलं? उद्यासुद्धा जाऊ शकलो असतो.

१४ मार्च

साबण आणायला गावात गेलो. बसमध्ये ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "ए हॉपवाल्या, मागं बस, खिडकी उघडून." सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली, "राहू दे रे, छान वाटतं." ती दया दाखवत होती.

कपडे धुण्याच्या साबणानं दोनदा अंघोळ केली.

१९ मार्च

बुडबुडे थांबले. आता लिसांद्रोनं सांगितलेलं शेवटचं काम. वाळवलेली फुलं गार बिअरमध्येच टाकून ठेवायची, न उकळता, म्हणजे वास उतरतो. त्यानं माप सांगितलं होतं, तेवढीच टाकली. चांगल्या गठ्ठ्यातली, मी स्वतः वाळवलेली.

२३ मार्च

झाकण उघडून हुंगलं. काही नाही.

पुन्हा हुंगलं. पाण्यासारखं. थोडा ब्रेडचा वास, बाकी काही नाही. जिभेवर कडूपणा आहे, बराही आहे. पण संत्र्याची साल कुठाय? सेद्रोन कुठाय? म्हणजे हा हॉप नुसता हातात चोळतानाच मिरवतो, बिअरमध्ये मुका. किंवा मी काहीतरी चुकलो. काढा जास्त उकळला असेल, किंवा पाटाचं पाणी आत गेलं असेल.

रुफिनोला पाजली. त्यानं मिशी पुसली. "बिअर आहे. कडू आहे. आणखी काय हवं?"

"वास, डॉन रुफिनो, वास!"

"ते मला काय विचारतोस?"

गॅस धरतो का ते बघायला तीन छोट्या बाटल्या भरून साखर घालून बंद केल्या. मैतेना बाटल्या धुवायला थांबली होती. एक तिला दिली.

"ही घे, वास-बीस काही नाही. केसांना लाव. बायका लावतात म्हणे बिअर."

"केसांना?" तिनं बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू एवढे दिवस जागून केलीस, आणि मी केसांना लावू?"

"मग डुकरांना घाल."

ती बाटली जॅकेटमध्ये टाकून निघून गेली. मी काय वाईट बोललो?

२४ मार्च

पिंपात आणखी दोन मुठी टाकल्या.

२७ मार्च

आणखी टाकल्या. आता तरी! मापाच्या दुप्पट झाली असतील. झाकण उघडून कितीदा हुंगू? नाक पिंपात, डोकं पिंपात, वास नाही. रुफिनोचा कुत्रा खोलीच्या दारात आला, शिंकला आणि पळाला. त्यालाही माझी दया आलेली दिसतेय.

तोडणी संपत आली. मांडव उघडे पडलेत, नुसते खांब आणि तारा. बघवत नाही, आणि शेत माझं नाही.

२९ मार्च

पातेलं परत द्यायला स्वयंपाकघरात गेलो. डोन्या कणीक मळत होत्या. मी जवळ गेलो तशा थांबल्या. हात पिठात तसेच, डोळे मिटले. बराच वेळ. मला वाटलं चक्कर आली.

"डोन्या, बरं वाटत नाही का?"

"काही नाही. दार लाव, गार वारा येतोय." वारा नव्हताच. "अन्सेल्मो असाच यायचा जेवायला. तोडणीच्या दिवसांत." मग पाठ वळवून पुन्हा कणीक मळायला लागल्या.

म्हणजे अन्सेल्मोही अंघोळ न करता यायचे. मला सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. आता मी जेवण बाहेरच घेतो.

३१ मार्च

शेवटच्या दोन मुठी. पिंप पार हिरवं दिसतंय. नसेल येत तर नसेल येत, पण हात आवरत नाही. लिसांद्रो गायला उभं कर म्हणाला होता. हा तर घशातून आवाजच काढत नाही.

५ एप्रिल

बाटल्या भरल्या. गाळणं चार वेळा तुंबलं, एवढा चोथा. नळीला तोंड लावलं तर घसा खवखवला. वास शून्य. रुफिनो शेवटचं वाळवण पोत्यांत दाबत होता. "सांतियागोकर, तुझं तोंड बघून वाटतं बाटलीत पाप भरतोयस."

१२ एप्रिल

काम कमी. कोठी झाडणं, यंत्राला ग्रीस. मैतेनानं निरोप पाठवला, शनिवारी बाजाराच्या चौकात नाच आहे, ये. धुतलेला शर्ट घातला. हुंगला, काही कळेना. पण माझ्या नाकावर माझा भरवसा राहिलेला नाही, लोक जे म्हणतात तेच खरं. चौकाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. ती मुरंब्याच्या टेबलाशी उभी होती, मान वर करून इकडे तिकडे बघत होती. मी परतलो. नाचताना जवळ यावं लागतं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज मांस नाही. डोन्यांनी कणकेत मासा भरून एम्पानादा केल्या, सगळ्यांना बोलावलं. मी बाहेर बाकावर. मैतेना ताटली घेऊन बाहेर आली, बाकावर बसली. मी सरकलो. ती सरकली. मी आणखी सरकलो, बाक संपला.

"तुझं काय बिनसलंय रे? नाचाला आला नाहीस. आई म्हणते, सांतियागोकर झोपला असेल."

"तूच म्हणालीस मला वास येतो."

ती खाताखाता थांबली. "मी म्हणाले येतो. वाईट येतो म्हणाले का?"

"वास तो वास."

"गाढव आहेस," ती म्हणाली, आणि माझ्या ताटलीतली एम्पानादा उचलून खाल्ली.

उद्या लिसांद्रो येतोय. डोन्यांनी मघाशी विचारलं, ट्रॅक्टरवाल्याला मे महिन्याचा निरोप देऊ का, की थांबू? मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. त्यांनी मान हलवली. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मला काहीतरी दिसलं. आशाच असावी.

१९ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

लिसांद्रोनं ग्लास नाकाशी नेला आणि मान झटक्यात मागं घेतली, कुणी थोबाडीत द्यावी तशी. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. मग घोट घेतला, खोकला. ग्लास टेबलावर ठेवला, अगदी हळू.

"डेल्फोर, हे... गवत चावल्यासारखं लागतंय रे. घसा धरतो. तू याला गायला नाही उभं केलंस, बोंब मारायला लावलीस."

"वास नाहीच ना?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "थट्टा करतोस?"

"नाही."

"मला कामं आहेत," तो म्हणाला. डोन्यांच्या हातावर हात ठेवला, सॉरी म्हणाला, गाडीत बसला. चोथ्याच्या बादल्या उतरवायच्या राहिल्या त्याच्या. रुफिनो बुटाच्या टोकानं माती उकरत होता. मैतेना काहीतरी बोलायला पुढं आली, मी हात दाखवला, नको.

डोन्या आत गेल्या. थोड्या वेळानं फोनवर बोलताना ऐकू आल्या. ट्रॅक्टरवाला.

२० एप्रिल, ईस्टर

सकाळच्या बसनं निघालो. कुणाला सांगितलं नाही, फक्त रुफिनो भेटला दारात. म्हणाला, "सांतियागोकर, तोडणीचा माणूस तोडणी संपली की जातो, त्यात काही गैर नाही." एवढं बोलून त्यानं माझी पिशवी उगाचच उचलून फाटकापर्यंत आणली. कामाचा शर्ट खुंटीवर विसरला. मैतेनाला मेसेज टाकला: तो शर्ट टाकून दे, नाहीतर धू आणि रुफिनोला दे. तिचं उत्तर नाही.

पिशवी आवरताना खाटेखाली त्या तीन छोट्या बाटल्यांतली एक सापडली, मुकी. तशीच मोज्यांत गुंडाळली. तिसरी रुफिनोनं कधीच संपवली असेल.

२५ एप्रिल, कोमोदोरो

वारा. इथं दुसरं काही नाही. वारा आणि डिझेल. नाबोर चौघांबरोबर एका खोलीत राहतो, मी सहावा. दिवसभर पाइप उचलायचे. उद्या, परवा, तेच. गुडुप गुडुप नाही, तरी झोप नाही.

३० एप्रिल

एक विचित्र गोष्ट. आज सकाळी उठलो तर नाबोरच्या मोज्यांचा वास आला. असा की उठून बसलो. मग समुद्राचा आला, खिडकीतून, खारट. कॉफीचा. डिझेलचा वेगळा, ग्रीसचा वेगळा.

"मोजे आजच घाण झाले का रे?" मी विचारलं.

नाबोर म्हणाला, "तू आलास त्या दिवसापासून हेच आहेत. तू कौतुकानं शेजारी झोपत होतास."

३ मे

आज नाबोरचा वाढदिवस. केक नाही, काही नाही. म्हटलं, माझ्याकडे एक बाटली आहे, मीच केलीय, भिकार आहे पण थंड आहे. झाकण उघडलं.

बाकीचे झोपल्यावर लिहितोय.

खोली भरली. मी बाटली नाकाशी नेलीच नव्हती, टेबलावर होती, तरी. संत्र्याची साल. फाडलेलं ओलं लाकूड. आणि मागून, हळूच, घाई न करता, सेद्रोन. आमचं दार. नाबोर खाटेवरून उतरला. "हे काय आहे? अत्तर?" त्यानं एक घोट घेतला, मग दुसरा. मग म्हणाला, "ही भिकार? गाढवा, ही तू का नाही दाखवलीस?"

ही लिसांद्रोनं सांगितलेल्या मापाची होती. नंतरच्या मुठी घालायच्या आधीची.

रुफिनोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नाक गहाण. अन्सेल्मो सरपण फोडायला का जायचे! मी कोठीच्या भिंतीला डोकं लावून झोपत होतो, कोठीतच जागत होतो, आणि पिंपात तोंड घालून विचारत होतो, वास कुठाय? सगळं गाव मला सांगत होतं, मी साबण घासत होतो.

एक घोट राखून ठेवला. तळाशी. झाकण पुन्हा लावलंय, पण आता कशाला.

४ मे

मैतेनाला फोन केला. दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा उचलला.

"जिवंत आहेस का, लुकड्या?"

मी सगळं एका दमात सांगितलं. नाक, मूठ, छोटी बाटली, नाबोरचे मोजे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला माहितेय."

"काय माहितेय?"

"मी केस नाही धुतले त्या बाटलीनं."

तू गेलास त्याच दिवशी संध्याकाळी ती बाटली डोन्यांकडे घेऊन गेले, म्हणाली. ट्रॅक्टर मे लागताच येणार होता. डोन्या ग्लास घेईनात, म्हणाल्या, चाखून काय करू आता. तेव्हा मैतेनानं नुसतं झाकण उघडून बाटली टेबलावर ठेवली आणि भांडी घासायला लागली. मागं वळून बघितलं तर डोन्या ग्लास न घेताच बसल्या होत्या, दोन्ही हात बाटलीभोवती, थंडीत येर्बाच्या गरम चहाचा तुंबा धरतात तसे. प्यायल्या त्या नंतर. मग उठल्या आणि कोठीकडे चालत गेल्या. एवढ्या वर्षांनी. रुफिनो त्यांना बघून टोपी काढून उभा राहिला.

"आणि ट्रॅक्टर?" मी विचारलं.

"आला. शेत उपटलं." ती म्हणाली. "कुंपणालगतच्या ओळी सोडून. त्या त्यांनी ठेवायला लावल्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, एवढ्याशा ओळींचं काय करणार? डोन्या म्हणाल्या, ते तुला काय करायचंय."

लिसांद्रोलाही तिनं तळातला घोट पाजला होता. तो म्हणाला, मी शब्द देत नाही, पण पुढच्या तोडणीला या ओळींची एक पातेलंभर करा, मी येतो चाखायला. घेईन असं म्हणाला नाही. येतो एवढंच.

"कोण करणार पातेलंभर?" मी विचारलं.

"डोन्यांनी अट घातलीय," ती म्हणाली. "जो करेल त्यानं बिअर पिंपातून निघेपर्यंत कोठीत पाऊल ठेवायचं नाही. रासबेरीच्या शेडमध्ये झोपायचं. हुंगायला बेकरीवालीच्या सुनेला सांगून ठेवलंय. मी म्हटलं, तो कोमोदोरोला गेलाय, तेलाचे पैसे सोडून कशाला येतोय? डोन्या म्हणाल्या, तोडणीचा माणूस आहे, तोडणीला येतोच."

"तोडणी फेब्रुवारीत आहे."

"मग फेब्रुवारीत ये," ती म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आवाजात, "किंवा उद्या. रासबेरीचे खड्डे खणायला माणूस हवाच आहे."

७ मे

बसमध्ये लिहितोय, अक्षर उडतंय. नाबोर म्हणाला, तुझ्यासारखा मूर्ख आमच्या खानदानात झाला नाही, आणि मोजे धुतलेले दिले वाटेसाठी. आईला फोन केला. "आता कुठं?" म्हटलं, परत एल बोल्सोनला. ती मग म्हणाली, "परत? तू? परत कधीपासून जायला लागलास?"

पहिलं काम म्हणजे जिथं हॉप होता तिथं रासबेरीचे खड्डे. हरकत नाही. खणताना कुंपणाकडं बघता येईल. तिथले कोंब हिवाळ्यात मातीखाली असतात, दिसायचं काही नसतं, पण असतात.

बस गवताळ माळावरून चाललीय, खिडकी उघडी आहे. आज मला सगळ्याचा वास येतोय. समोरच्या बाईच्या पिशवीत संत्री आहेत, ती सोलत नाहीये तरी कळतंय.

एक कळत नाही. काल रात्री मैतेनाचा मेसेज आला. तुझा शर्ट माझ्याकडे आहे, अजून धुतला नाही. एवढे दिवस झाले, साबण मी तिथंच ठेवून आलो होतो, भरपूर उरलेला. का नाही धुतला कोण जाणे. विसरली असेल.